फित्र्यातला माझा वाटा

लोणावळ्याच्या मशिदीला लागून एक लांबट खोली होती. सकाळी तिच्यात मकतब भरे, म्हणजे मुलांची दीनी शाळा, आणि मुलं गेली की तीच माझी राहायची खोली. चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या की झालं घर. जेवण वस्तीतून येई. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. ज्या घराची पाळी त्या घरचं पोर फडक्यात बांधलेली ताटली दारात ठेवी आणि "अम्मीनं दिलंय" म्हणून पळत सुटे. कधी पाळी चुके. कुणाकडे पाहुणे आलेले, कुणाकडे बाळंतपण, कुणी नुसतंच विसरलेलं. अशा दिवशी मी पाणी पिऊन पडून राही. विचारायला जाणं मला कधी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणी "काल जेवण पोचलं ना, मौलवीसाहेब?" म्हणून विचारलंच, तर मी "हो हो, पोचलं की" म्हणे.

हे कौतुकानं सांगत नाही. खोटं बोलणं माझ्या किती अंगवळणी पडलं होतं ते कळावं, म्हणून सांगतो.

मोठं खोटं त्याच्या आधीचं. मला नेमायचं ठरलं तेव्हा मशिदीच्या कमिटीचे अध्यक्ष, बेकरीचे मालक, अंगानं स्थूल आणि मनानं भला माणूस, त्यांनी सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मकतबात मुलीही येत. संसारी माणूस असावा अशी वस्तीची इच्छा होती. माझ्या आधी आलेल्या एका तरुण मौलवीला एकटा आहे म्हणून परत पाठवलं होतं, हे मी बाहेर पायरीवर बसून ऐकलं होतं. मी म्हणालो, "बायको आणि मुलगी. टाकव्याला असतात. शेताकडं बघायला कुणीतरी लागतं."

टाकवे बुद्रुक माझं गाव, हे खरं. बायको होती, मुलगी होती, हेही खरं. पण दोघी मानमोडीच्या तापात गेल्या होत्या, एकीमागोमाग दुसरी. मुलगी अजून चालायलाही लागली नव्हती. त्यांना माती दिल्यावर मी पुण्याला शिकायला गेलो तो बरीच वर्षं गावाकडं फिरकलो नाही. भावकीनं शेत कसायला घेतलं, मी काही बोललो नाही. बोलणं हा माझा स्वभावच नाही.

एकदा सांगून बसलो, मग ते सांभाळणं आलं. ईदची नमाज झाली, गळाभेटी झाल्या की मी पिशवी घेऊन निघे. "गावी जाऊन येतो." लोक म्हणत, "जा जा, वाट बघत असतील." मी वस्तीच्या बाहेर पडून वलवणच्या धरणाकडं चालत जाई आणि दगडांवर बसून राही. दिवस जाता जात नसे. समोर पाणी, अंगात नवा सदरा. अंधार पडायच्या बेताला परत येई. पुण्याहून आधीच आणून ठेवलेल्या रेवड्या दुसऱ्या दिवशी मुलांना वाटे. "तुमच्या चाचीनं पाठवल्यात."

त्या मुलांत एका टांगेवाल्याची मुलगी होती. स्टेशनावर तिच्या वडलांचा टांगा उभा असे. मुलगी सबक, म्हणजे धडा, म्हणताना मध्येच थांबे आणि विचारी. पाठांतरात ती मागंही नव्हती आणि पुढंही नव्हती, पण तिला प्रश्न पडत. इतर मुलं रेवडी तोंडात टाकून मोकळी होत, ही विचारी, "उस्ताद, चाची दिसायला कशी हाय? तुमची लेक काय करती?" मी सांगू लागलो. लेक अशी आहे, तशी आहे, भाताच्या खाचरात बगळ्यांच्या मागं धावते. सांगताना मला बरं वाटे, ते आता कबूल करतो. एकदा तिनं चार काचेच्या बांगड्या कागदात गुंडाळून आणल्या. "तुमच्या लेकीला द्या. मला लहान झाल्यात." मी त्या घेतल्या. पेटीच्या तळाशी ठेवल्या.

आणखी एका ईदला ती म्हणाली, "उस्ताद, मी लहान हुते तवा बी तुमची लेक आठ वर्षांची हुती. अजून आठच?"

मुलं हसली. मीही हसलो. आठाच्या पुढं ती मला दिसतच नव्हती, हे कुणाला सांगणार?

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची ही पुढची गोष्ट. सरकारी मदत हवी असलेल्या मकतबांच्या शिक्षकांना पुण्याला बोलावणं आलं. शिक्षणाची नवी तऱ्हा निघाली होती. मुलांनी हातानं काम करून शिकायचं आणि परीक्षाही त्या कामाचीच. इतर विषयांच्या मास्तरांना ते सांगून झालं होतं. आता आमच्यासारख्या दीनियात, म्हणजे धर्माचे धडे, शिकवणाऱ्यांची पाळी. उर्दू शाळांचे एक तरुण तपासनीस समोर उभे होते. म्हणाले, "आजवर तुम्ही मुलांना म्हणायला लावलंत. आता करायला लावा. गुण केल्याचे द्या."

एक दाढी पिकलेले मौलवी उठले. "साहेब, रोज्याचे गुण कसे द्यायचे? पोराच्या तोंडाचा वास घेऊन?"

हशा पिकला. दुसरे म्हणाले, "आणि नमाजेत शेजारच्याला चिमटा काढला, तर वजा किती?"

"तुमचेच वजा होतील," तिसरे म्हणाले. "सज्द्यात डोकं टेकलं की तुमचा डोळा लागतो."

तपासनीसही हसले. मग म्हणाले, "हसा. पण मला सांगा, तुमचं पोर सदक्याचा, दानाचा धडा घडाघडा म्हणतं. उद्या त्याच्या हातात खरंच धान्य दिलं, तर ते कुणाच्या दारात नेईल?"

पिकल्या दाढीचे मौलवी खाली बसले.

"तयारी लागेल," ते म्हणाले.

"मुलांची?" पिकल्या दाढीनं विचारलं.

"तुमची. मुलांना काम दिलं की ती काहीही शोधून आणतात. तुम्हाला नको असलेलंही आणतील. त्या वेळी गुण देणाऱ्यानं डगमगायचं नाही."

मला वाटलं, तरुण आहे, बोलायला काय जातं. परतताना गाडीत मी काम ठरवून टाकलं. रमजान जवळ आला होता. ईदच्या नमाजेआधी ज्याची ऐपत आहे त्यानं घरातल्या माणशी ठरलेलं माप धान्य गरिबाला द्यायचं असतं, त्याला फित्रा म्हणतात. मुलांनी वस्तीतला फित्रा गोळा करावा, गरजू घरं शोधावीत, कुणाला किती ते ठरवावं आणि का ते सांगावं. काम सोपं वाटलं, कारण उत्तरं मला ठाऊक होती. दर वर्षी तीच घरं. बाजारामागची विधवा, मशिदीच्या पायरीवरचा आंधळा म्हातारा, रेल्वेच्या कोळशावर काम करताना हात गेलेला एक जण. नावं मीच सांगणार, मुलं ती पाठ करणार आणि तपासनीसांपुढं म्हणून दाखवणार. माझी तयारी म्हणाल तर ती एवढी होती.

मुलांना काम समजावून नावं सांगायला लागलो तर टांगेवाल्याची मुलगी म्हणाली, "नावं तुमीच सांगितली तर आमी काय करायचं?"

"जाऊन विचारायचं."

"काय इचारायचं? गरीब हाय का म्हणून? तुमीच शिकवलंय ना, जो मागत न्हाई त्याला हुडकायचं. त्याच्या तोंडाकडं बघून वळखायचं."

शिकवलं होतं. कित्येक वर्षं शिकवत होतो. एकाही पोरानं ते खरं धरलं नव्हतं.

मी म्हणालो, "बरं, हुडका." ती बाकीच्या मुलांची म्होरकी झाली, मी न करता झाली. पुढचे दिवस मकतब ओळखू येईना. मुलं स्टेशनामागच्या कोळशाच्या वखारीपर्यंत जाऊन येत, वलवणपर्यंत जाऊन येत आणि चटईवर बसून भांडत.

"त्या आबाला काय द्यायचं? दात सोन्याचा हाय त्याचा."

"दात सोन्याचा हाय, पोट न्हाई सोन्याचं."

"अरं, पण तो घरी तंबाखू ठेवतो. मी बघितली."

"मंग तुझा बाप काय ठेवतो? सांगू?"

मी हसू दाबत बसे. खरं सांगतो, शिकवण्यात मजा असते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मुलं गेल्यावर खोली पूर्वीपेक्षा जास्त रिकामी वाटायला लागली, तेही तेव्हाच.

एक दिवस ती माझ्याकडं आली. "उस्ताद, टाकव्याला बी आपली दोन-चार घरं हायत ना? तितं कुणाला गरज असंल तर? आमी एवढं लांब न्हाई जाऊ शकत. तुमी जाल तवा चाचीला इचारून या."

"विचारतो," मी म्हणालो. गेलो नाही, हे सांगायला नको. तिनं दोन वेळा आठवण केली. मी म्हटलं, वेळ झाला नाही. तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही. मला वाटलं, विसरली.

या परीक्षेवर तिचं काय अवलंबून होतं ते सांगितलं पाहिजे. तपासनीसांनी कळवलं होतं, की ज्या मुलीचं काम उत्तम ठरेल तिची पुण्याच्या मुलींच्या उर्दू शाळेसाठी शिफारस करू, राहण्याजेवणाची सोय होईल. टांगेवाला मला येऊन भेटला होता. "मौलवीसाब, बिरादरी म्हणती पोरीला कशाला शिकवतो. मी म्हणलं, पास झाली तर पुन्याला धाडीन, मग कोण काय म्हणतंय बघू. न्हाई झाली तर घरी बसंल, लग्नाची जागा बघू." त्याच्या बोलण्यात काळजीपेक्षा अभिमान जास्त होता.

तपासनीस आले तो दिवस रमजानच्या शेवटच्या दिवसांतला. मशिदीच्या ओसरीवर पांढरी चादर अंथरली होती. कमिटीची माणसं एका बाजूला बसली, आयांसाठी आतल्या बाजूला पडदा लावला. मी तपासनीसांनी सांगितल्याप्रमाणं मुलांच्या मागं उभा राहिलो. मुलांनी चादरीवर धान्याचे ढीग घातले आणि एकेका ढिगाबद्दल एकेक जण बोलू लागलं. विधवेचा ढीग मोठा, का तर तिच्याकडं भाऊ आपली पोरं सोडून गेलाय. आंधळ्या म्हाताऱ्याचा लहान, का तर त्याला पायरीवर रोज मिळतं आणि दळून द्यायला कुणी नाही, म्हणून त्याला धान्याऐवजी भाकरी पोचवायचं ठरलं आहे. ती भाकरी कोण देणार तेही ठरलं होतं. तपासनीस मान डोलवत होते. अध्यक्ष माझ्याकडं बघून हसले. मला वाटलं, निभावलं.

एक ढीग उरला.

"आणि हा कुणाचा?" अध्यक्षांनी विचारलं.

टांगेवाल्याची मुलगी उभी राहिली. "हा आमच्या उस्तादांचा."

कमिटीतले एक-दोघं हसले. अध्यक्ष म्हणाले, "अगं, त्यांना कशाला फित्रा? टाकव्याला शेत आहे त्यांचं. बायको-मुलगी आहे."

"न्हाई," ती म्हणाली. "तिकडं कुणी न्हाई. चाची न्हाई आणि लेक बी न्हाई. मानमोडीत गेल्या. टाकव्याची एक मावशी बाजारात तांदूळ इकायला येती, तिला मी इचारलं. तिचं घर ह्यांच्या घराला लागून हाय. शेत भावकी खाती. आणि पाळी चुकली की उस्ताद उपाशी ऱ्हातात. आमी घरोघर इचारलं, कुणाची कवा चुकली ते. ते मागत न्हाईत, म्हणून कुणाला कळत न्हाई."

तिच्या आवाजात कसलीही कुरापत नव्हती. बांगड्यांचं ती बोलली नाही. धडा नीट म्हणून झाल्यावर मुलं जशी बघतात तशी माझ्याकडं बघत उभी राहिली.

पडद्याआड बायकांची कुजबुज सुरू झाली ती मला ऐकू येत होती. एकटा माणूस, इतकी वर्षं आपल्या पोरींना शिकवतोय, हे प्रत्येकीच्या मनात आलं असणार, निदान मला तसं वाटलं. खोली जाणार, भाकरी जाणार, आणि सकाळी ज्या आवाजांनी मला जाग येते ते आवाज जाणार. हे सगळं मनात येऊन जायला वेळ लागला नाही.

"मौलवीसाहेब?" तपासनीस म्हणाले.

"मुलगी खोटं बोलते," मी म्हणालो.

"म्हणजे चौकशीत काही चूक झाली?"

त्यांनी मला वाट करून दिली होती. चूक झाली म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, "चौकशी केलीच नाही तिनं. मनचं रचून सांगते. सवय आहे तिला."

अध्यक्षांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "पोरंच ती," ते म्हणाले.

मुलगी रडली नाही. मी खोटं बोलत नाही, असंही म्हणाली नाही. माझ्या तोंडाकडं मात्र बघत राहिली. मग खाली बसली, तो ढीग ओंजळीनं उचलला आणि विधवेच्या ढिगात घातला. एक ओंजळ, दुसरी ओंजळ. चादरीवर पडलेले दाणे बोटानं वेचून तेही घातले.

तपासनीसांनी मला बाजूला घेऊन गुण विचारले. शिक्षकाचा शब्द शेवटचा, असा नियम होता. मी सगळ्यांना पास केलं. तिला केलं नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं. त्यांना काही वाटलं असेल तर ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी टांगेवाला दारात आला. आत ये म्हटलं तर आला नाही.

"मौलवीसाब, एकच इचारायचं हाय. पोरगी खोटं बोलली का?"

तेव्हा तिथं तपासनीस नव्हते, कमिटी नव्हती, पडदा नव्हता. तो आणि मी.

"हो," मी म्हणालो.

"तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं." तो म्हणाला. "घरी म्हणती, मी खरं बोलले. रातभर तेच म्हणती. आता मारलं तिला. कधी हात लावला नव्हता."

तो गेला. ओसरीवरच्या खोट्याला भीतीचं तरी निमित्त होतं. या खोट्याला तेवढंही नव्हतं.

ती मकतबात परत आली नाही. साल उलटायच्या आत तिचं लग्न मळवलीकडं लागलं. मुंबईच्या एका शेटजींचा बंगला राखणाऱ्या घरात ती गेली. निकाह पढवायला कमिटीनं मलाच पाठवलं. मी पढवला. मकतबाला मदत मिळाली. कामाच्या परीक्षेबद्दल तपासनीसांनी चांगला शेरा दिला. पण मुलांना काम देणं मी बंद केलं. पुन्हा सबक, पुन्हा पाठांतर. मुलं एका सुरात म्हणत, मी डोळे मिटून ऐके. ईदला पिशवी घेऊन निघे आणि धरणावर जाऊन बसे. फरक एवढाच, की आता चाची कशी आहे हे विचारणारं कुणी नव्हतं. टांगेवाल्याच्या घरची पाळी त्यानंतर कधी चुकली नाही. ताटली वेळेवर येई, नीट बांधलेली. ती उघडून मी जेवत असे.

लढाईच्या दिवसांत लोणावळा बदललं. लष्करी गाड्या, मुंबईहून घाबरून आलेली बिऱ्हाडं, पेट्रोल मिळेना म्हणून टांग्यांना बरे दिवस. अशात मळवलीकडं एका शेतकऱ्याच्या घरी मयत झाली म्हणून मला बोलावणं आलं. जनाज्याची नमाज पढवून मी त्या घराच्या अंगणात हात धुवायला उभा राहिलो. तांब्यातून पाणी ओतणाऱ्या बाईच्या कडेवर मूल होतं. मी वर बघितलं. ती होती.

"बस झालं, उस्ताद?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "त्या परीक्षेत तू पास होतीस." असं एकदम म्हणालो. काही ठरवून गेलो नव्हतो.

तिनं तांब्या खाली ठेवला. मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "ते मला तवाच ठाऊक हुतं. मला काय सांगताय?"

"मग कुणाला सांगू?"

"अब्बांना सांगा. ते अजून मला खोटारडी समजतात." आणि ती आत गेली. आतल्या बायकांना तिनं काय सांगितलं असेल कोण जाणे; मला चहा घेऊन दुसरंच कुणी आलं.

लोणावळ्याला उतरलो तो तडक स्टेशनाबाहेरच्या टांग्यांकडं गेलो. थांबलो असतो तर पुन्हा काही वर्षं गेली असती, हे मी मला ओळखून आहे. दुपार होती. घोडी ऊन टाळून झाडाखाली उभी होती. एक जण ओरडला, "या मौलवीसाब, कुटं सोडू? तुमच्याकडनं काय घ्यायचं न्हाई, दुआ द्या फकस्त."

"याच्या टांग्यात नका बसू," दुसरा म्हणाला. "दुआ करायची येळ याच्या घोड्यापायीच यील."

तिचे वडील आपल्या घोड्याचा पट्टा आवळत होते. केस पांढरे झाले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "तुमची मुलगी त्या दिवशी खरं बोलली होती. खोटं मी बोललो. माझं टाकव्याला कुणी नाही. तेव्हाही नव्हतं."

त्यांनी पट्टा सोडला आणि पुन्हा आवळला.

"पुन्यांदा म्हणा."

मी पुन्हा म्हणालो.

ते घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. "मौलवीसाब," ते म्हणाले, "पोर माहेरी येती. काय बी सांगितलं तिनं, सासूचं म्हणा, नवऱ्याचं म्हणा, तरी मी तिच्या आईला इचारतो, खरं हाय का हे. तिच्या समोर इचारतो. मागल्या साली म्हणाली, अब्बा, तितं मला बरं न्हाई वाटत. तवा बी इचारलं."

त्यांनी टांग्याकडं बोट केलं.

"बसा," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, मारतील. मारलं असतं तर सोपं गेलं असतं. मी मागं बसलो. वलवण मागं पडलं, भातं कापून झालेली खाचरं लागली. सगळ्या वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. घोड्यालासुद्धा नाही. मळवलीच्या अलीकडं एका बंगल्याच्या फाटकाशी त्यांनी टांगा थांबवला आणि लगाम माझ्या हातात दिला.

"घोडं धरा."

"मी येतो. तिच्यासमोर सांगतो."

"तुमी सांगितलं," ते म्हणाले. "आता मला सांगायचं हाय."

ते फाटकातून आत गेले. बंगल्याच्या मागं राखणदाराची खोली होती, तिची पायरी मला फाटकातून दिसत होती. ती बाहेर आली. वडील अचानक आलेले बघून आधी घाबरली असावी, कारण पदर सावरत धावत पायरीशी आली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बोलणं फार वेळ चाललं नाही. मग ती पायरीवर बसली, आणि ते तिच्या खालच्या पायरीवर बसले. तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यांनीही तिच्याकडं बघितलं नाही. मूल आतून रांगत आलं, ते त्यांनी उचलून मांडीवर घेतलं. ती मान खाली घालून बसली होती. रडत होती की नाही हे एवढ्या लांबून कळत नव्हतं, आणि ते बघायचा मला हक्कही नव्हता.

मी वाट बघत उभा राहिलो. मला बोलावतील, निदान ओरडायला तरी बोलावतील, असं मला वाटत होतं हे कबूल करतो. फाटकाकडं कुणी बघितलं नाही. ऊन उतरलं. बागेतला माळी पाण्याचा डबा घेऊन आला तेव्हा मी लगाम त्याच्याकडं दिला.

"त्यांना सांगा, मौलवी गेले म्हणून."

"चा तरी घ्या की. हाक मारू का त्यास्नी?"

"नको," मी म्हणालो. "त्यांना बसू द्या."

मळवलीच्या थांब्यापर्यंत चालत आलो. गाडीला वेळ होता आणि फलाटावर दुसरं कुणी नव्हतं. कमिटीची माणसं शुक्रवारी नमाजेनंतर बसत. त्यांच्यापुढं जे सांगायचं होतं ते फार थोडं होतं, दोन वाक्यांत मावलं असतं. त्यानंतर खोली सोडावी लागणार हे ठाऊक होतं, आणि कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं. बाकावर बसलो. रस्त्याच्या बाजूनं टापांचा आवाज येतो का, म्हणून मी गाडी येईपर्यंत कान देऊन होतो. आवाज आला नाही. ते अजून तिच्याजवळ बसले असणार.